बचाव-नौकेच्या तळाची गळती : शोध आणि दुरुस्ती

(नदीकाठच्या व खाडीकाठच्या गावांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



या वर्गात पुराचा इशारा, लोकांचे स्थलांतर, पिण्याचे पाणी, साथीचे रोग अशा मोठ्या विषयांवर आपण व्याख्याने ऐकलीत. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने लहान आहे. बचावकार्याच्या नौकेच्या तळात पाणी शिरत असेल तर ते कोठून शिरते हे कसे शोधावे, आणि ती वाट कशी बुजवावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

विषय लहान असला तरी त्याच्याशी माणसांचे प्राण निगडित आहेत. कृष्णा आणि पंचगंगेच्या खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी महापूर अनुभवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. अशा वेळी रस्ता, पूल आणि मोटार ही तिन्ही निरुपयोगी होतात व नाव हाच एक आधार उरतो. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी बचावाची नाव उलटून अनेक ग्रामस्थांचा अंत झाला. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा आजचा विषय नव्हे. परंतु पुराच्या पाण्यात नावेवरील भाराचा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो, याची जाणीव त्या दिवसाने सर्वांना करून दिली. गळणाऱ्या नौकेत कोणालाही न दिसणारा असा एक भार आधीच चढलेला असतो. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडावयाचा.

नौकेची रचना

आज मी ज्या नौकेविषयी बोलणार आहे तिचा तळ कठीण असतो आणि कडेने हवेने फुगविलेल्या जाड नळ्या असतात. तळ बहुधा फायबरचा, क्वचित ॲल्युमिनियमचा असतो. नौदल, तटरक्षक दल आणि बचाव पथके अशा नौका वापरतात. या नौकेचा जन्मच मुळी झिजलेल्या तळातून झाला. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात समुद्रकाठी अटलांटिक कॉलेज नावाची शिक्षणसंस्था आहे. तेथे १९६० नंतरच्या दशकात निवृत्त नौदल अधिकारी डेस्मंड होर आणि त्यांचे विद्यार्थी साध्या रबरी होड्या वापरीत असत. गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून त्यांचे कापडी तळ फाटत. तेव्हा त्यांनी तळाला प्लायवुड जोडून पाहिले, आणि त्या प्रयोगातून पुढे ही संयुक्त नौका सिद्ध झाली. तेथील जीवरक्षक संस्थेने १९७२ मध्ये ‘अटलांटिक २१’ या नावाने ती सेवेत आणली. शाळेतल्या मुलांच्या हातून एवढे काम झाले, हे येथे जमलेल्या शिक्षकांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

या नौकेत आपण उभे राहतो तो पृष्ठभाग म्हणजे तिचा तळ नव्हे. वर पाटा असतो, खाली इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा तळ असतो आणि या दोहोंच्या मध्ये बंद पोकळी असते. मागील बाजूस इंजिन टांगण्यासाठी एक आडवी जाड भिंत असते. तिच्या तळाशी पाणी काढून टाकण्याचे छिद्र असून त्याला बूच असते. गळतीचे पाणी साचते ते या पोकळीत. लाकडी होडीत पाणी शिरले की पायाला लागते. येथे ते पाट्याखाली दडून राहते.

नौका बुडत नाही, म्हणून दोष कळत नाही

कडेच्या नळ्यांत हवा असल्यामुळे पोकळी पाण्याने भरली तरी ही नौका सहसा बुडत नाही. हा तिचा मोठा गुण आहे, आणि गळतीकडे दुर्लक्ष होते तेही याच गुणामुळे. नौका तरंगते आहे, चालते आहे, तेव्हा ठीकच असणार असे सर्वजण धरून चालतात.

आता थोडा हिशेब करू. पोकळीच्या तळाचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर धरले आणि सरासरी ५ सेंटिमीटर पाणी साचले असे मानले, तर ते २०० लिटर होते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम; म्हणजे २०० किलोग्रॅम. तीन प्रौढ माणसे नावेत आधीच बसलेली आहेत आणि ती आपल्या मोजणीत नाहीत. बरे, ही तीन माणसे एका जागी स्वस्थही बसत नाहीत. नाव उजवीकडे कलली की ते सर्व पाणी उजवीकडे धावते आणि कल वाढविते. वेग घेतला की ते मागे जाते आणि पुढचा भाग वर उचलला जातो. नाव वळताना जड वाटणे, पूर्ण वेगातही पाण्यावर न उचलली जाणे, नेहमीपेक्षा अधिक इंधन लागणे, ही पोकळीत पाणी असल्याची लक्षणे होत.

गळतीच्या वेगाचाही अंदाज असावा. सेकंदाला एक थेंब या गतीने चोवीस तासांत सुमारे चार लिटर पाणी साचते. ते उपसता येते. परंतु पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर ६ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे पेन्सिलीहून बारीक, भोक असेल तर तासाला सुमारे १५० लिटर पाणी आत येते. आणि २५ मिलिमीटरचे बूच लावावयाचे राहून गेले, तर सुरुवातीला मिनिटाला चाळीस लिटरांवर पाणी येते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हा हिशेब बादली आणि घड्याळ घेऊन प्रत्यक्ष करून घेता येईल.

पाणी कोठून शिरते?

अनुभवी कारागीर प्रथम मोठी भगदाडे शोधीत नाही. तो लहान जोड पाहतो. पहिला संशय बुचावर. बुचाची रबरी कडी वाळून चिरते किंवा तिच्यावर वाळूचा कण बसतो. बूच चांगले असूनही ते ज्या पितळी अथवा प्लॅस्टिकच्या तबकडीत बसते, त्या तबकडीमागील लेप सुटलेला असतो. दुसरा संशय मागील भिंतीवरील बोल्टांवर. इंजिनाचा हिसका त्यांना सतत बसत असल्याने त्यांच्याभोवतीचा लेप तडकतो. तिसरा संशय खोली मोजण्याचे उपकरण, दोर बांधण्याच्या कड्या, आसनांचे स्क्रू अशा पुढे केव्हातरी बसविलेल्या वस्तूंवर. वस्तू काढून टाकली जाते आणि तिची भोके तशीच राहतात. चौथा, तळाच्या मधल्या कण्यावर. दगडी घाटावर किंवा काँक्रीटच्या उतारावर नौका ओढली की कण्यावरील रंगाचा कठीण थर झिजतो, आतील काचतंतू उघडे पडतात आणि तेथून पाणी झिरपू लागते. ट्रॉलीचे रूळ अडकून बसले असतील तर तेही अशीच झीज करतात.

पाट्यावरचे पाणी आपोआप बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी एकेरी झडप असते. पुराच्या पाण्यात गाळ, पालापाचोळा व धागे असतात. त्यातले काही झडपेत अडकले की बाहेर जाणारी वाट आत येणारी होते. शेवटी, हवेच्या नळ्या आणि कठीण तळ यांचा चिकटविलेला सांधा. हा सुटला तर पाणी बहुधा पाट्यावर येते, पोकळीत नव्हे. हा भेद लक्षात ठेवला म्हणजे निम्मा शोध वाचतो.

शोधाची पद्धत

गळतीच्या बाबतीत मुख्य गोष्ट ही की, पाणी जेथे दिसते तेथेच ते शिरले असेल असे नाही. पुढच्या बाजूने शिरलेले पाणी उतारावरून वाहत मागे येते आणि मागची भिंत गळते असा भास होतो. म्हणून अंदाजाने चार ठिकाणी लेप फासण्याची जी पद्धत आहे ती सोडून द्यावी. क्रमाने एकेक शक्यता वगळीत जावे.

प्रथम नौका ट्रॉलीवर घेऊन पुढचा भाग उंच करावा, बूच काढावे व निघालेले पाणी बादलीने मोजून लिहून ठेवावे. खाडीतील नौकेचे पाणी गोडे निघाले, तर ते तळातून नव्हे, पावसाने वरून आले हे उघड आहे. पोकळी पूर्ण कोरडी करावी.

त्यानंतर पुढील चार चाचण्या निरनिराळ्या दिवशी घ्याव्यात आणि प्रत्येकीनंतर पाणी मोजावे. एक, नौका जमिनीवर ठेवून पाट्यावर नळीने पाणी सोडावे. पोकळीत पाणी आले तर दोष पाट्यावरील झाकणांत अथवा स्क्रूंत आहे. दोन, नौका रिकामी, स्थिर पाण्यात रात्रभर ठेवावी. पाणी आले तर दोष नेहमीच्या पाणरेषेखाली, म्हणजे बूच, कणा किंवा तळातील भोके यांत आहे. तीन, इंजिन चढवून आणि माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवून तीच चाचणी घ्यावी. आता पाणी आले, पण आधी आले नव्हते, तर दोष पाणरेषेच्या किंचित वर, बहुधा मागच्या भिंतीच्या बोल्टांत आहे. चार, नौका अर्धा तास वेगाने चालवावी. केवळ याच वेळी पाणी आले तर ताणाने उघडणारी चीर शोधावयास हवी. ही चाचणी अंगात जीवनरक्षक जाकीट घालून, काठाजवळ आणि सोबतीला दुसरी नाव ठेवूनच घ्यावी.

अशा रीतीने क्षेत्र आटोपशीर झाले की नेमके ठिकाण हुडकावे. त्यासाठी पाणी आतून बाहेर नेणे ही सोपी युक्ती आहे. नौका ट्रॉलीवर नीट टेकवून तळ बाहेरून धुऊन वाळवावा आणि त्यावर खडूची पूड चोळावी. मग पोकळीत रंग मिसळलेले थोडे पाणी ओतावे. जेथून ते पाझरेल तेथे खडूवर ओला डाग उमटतो. पाणी चार बोटांहून अधिक ओतू नये. तळ बाहेरचा दाब सोसण्यासाठी घडविलेला असतो, आतला भार सोसण्यासाठी नव्हे. नौका आधी पुढे कलती आणि मग मागे कलती ठेवून दोन्ही टोके तपासावीत.

दुसरी युक्ती साबणाच्या फेसाची. पोकळी बंद करून तीत अगदी मंद हवा सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे; बुडबुडे दोष दाखवितात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मात्र येथे कॉम्प्रेसर कदापि लावू नये. वातावरणाच्या दाबाच्या केवळ एकदशांश इतका दाब वाढला तरी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन जोर पडतो आणि चांगला पाटाही उखडून निघतो. तोंडाने फुंकून किंवा पायपंपाचे मोजके झटके देऊन काम भागते.

काही नौकांच्या पोकळीत फोम भरलेला असतो. फोमने एकदा पाणी शोषले की बूच काढूनही ते निघत नाही. अशा वेळी साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर नौका तोलून उत्पादकाने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावी. मागच्या भिंतीच्या आत पुष्कळदा प्लायवुड असते. लहान लाकडी हातोडीने ठोकून पाहिल्यास चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द. बद्द आवाज आला तर वरवर लेप देऊन भागत नाही. कुजका भाग काढून नवा बसविणे आवश्यक ठरते, कारण इंजिनाचा सर्व भार त्यावर असतो.

दुरुस्ती

कोकणातील कारागीर फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ भरून लाकडी होडी पाणबंद करीत आले आहेत. सामग्री बदलली तरी तत्त्व तेच आहे : जागा कोरडी, स्वच्छ आणि खरबरीत असल्याखेरीज काहीही धरत नाही.

बोल्टांची गळती असेल तर बोल्ट बाहेर काढावा, जुना लेप खरवडून टाकावा, भोक ॲसिटोनने पुसावे आणि पॉलियुरेथेन जातीचा सागरी लेप भरून बोल्ट पुन्हा बसवावा. प्रथम हातानेच आवळावा; लेप वाळल्यावर पान्याने शेवटचा वेढा द्यावा. एकदम घट्ट आवळल्यास सगळा लेप बाहेर निघून जातो. न्हाणीघरात वापरतात तो सिलिकॉन लेप पाणरेषेखाली वापरू नये. त्याचा अंश राहिला तर पुढे तेथे दुसरे काहीच चिकटत नाही.

फायबरच्या चिरेवर नुसती लांबी भरू नये. चिरेच्या दोन्ही बाजू तिरक्या घासून उथळ करावयाच्या असतात. तळाची जाडी ५ मिलिमीटर असेल, तर प्रत्येक बाजूस सुमारे ६० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जाडीच्या बारापट, उतार द्यावा. मग काचतंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर द्यावेत व रुळाने हवेचे बुडबुडे काढावेत. जुन्या पॉलिएस्टर तळावर इपॉक्सी रेझिन अधिक घट्ट बसते. परंतु त्यावर नंतर पॉलिएस्टरचा थर नीट धरत नाही, तेव्हा मिसळामिसळ करू नये. पॉलिएस्टर रेझिनचे काम करताना एक धोका कायम स्मरणात असावा. त्याला घट्ट करणारे पेरॉक्साइड आणि कोबाल्टचे द्रावण ही दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. काम उघड्या हवेत, हातमोजे व मुखपट्टी लावून करावे आणि जवळपास कोणी विडी पेटवू नये.

ॲल्युमिनियमच्या तळाला तडा गेला असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. जोडकाम मात्र त्या धातूचे वेल्डिंग जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावे. या तळाला तांबेयुक्त रंग लावू नये. दोन धातू पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

हवेच्या नळ्यांचे कापड हायपलॉनचे आहे की पीव्हीसीचे, हे आधी ओळखावे. दोहोंची चिकटवणे वेगळी आहेत आणि एकाचे दुसऱ्याला चालत नाही. ही सर्व चिकटवणे दमट हवेत दगा देतात. पावसाळ्यात केलेली दुरुस्ती टिकत नाही, याचे कारण बहुतेक वेळा कारागिरात नसून हवेत असते.

दुरुस्ती झाल्यावर ज्या चाचणीने दोष सापडला, तीच चाचणी पुन्हा घ्यावी. पाणी शून्य निघाले तरच काम पुरे झाले असे समजावे. एकाच नौकेत दोन गळत्या असणे ही अगदी साधी गोष्ट आहे.

प्रत्यक्ष पुरात गळती लागली तर? निरनिराळ्या जाडीच्या निमुळत्या लाकडी खुंट्या, पाण्यातही घट्ट होणारी इपॉक्सी लांबी, रबराचा तुकडा, एक डबा आणि हातपंप एवढे साहित्य नौकेत बांधलेले असावे. ते तात्पुरते आहे. परत आल्यावर नौका बाहेर काढलीच पाहिजे, आणि तोपर्यंत माणसे कमी घेतली पाहिजेत.

पंचायतीने काय करावे?

तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते वेळेवर करणे. पूर ओसरला की नौकेची आठवणही ओसरते. ती शाळेच्या मागे किंवा चावडीच्या पडवीत पडून राहते, आणि तिचा दोष पुढच्या पुराच्या रात्री कळतो. म्हणून माझी सूचना अशी की, ऑक्टोबरमध्ये नौका धुऊन, वाळवून तपासावी; जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत दुरुस्ती करावी; एप्रिलमध्ये चारही चाचण्या घ्याव्यात आणि मे महिन्याच्या अखेरीस ग्रामसभेच्या डोळ्यांदेखत नौका एकदा पाण्यात उतरवावी. ठेवताना पुढचा भाग उंच, बूच काढलेले आणि दोरीने नौकेलाच बांधलेले, नळ्या थोड्या सैल व वर सावली असावी. उंदरांपासून जपावे; रबर त्यांना वर्ज्य नाही.

दुसरी सूचना नोंदवहीची. तारीख, चाचणी, निघालेले पाणी, सापडलेला दोष, केलेली दुरुस्ती आणि करणाऱ्याची सही, एवढे सहा रकाने पुरेत. गेल्या वर्षी दोन लिटर आणि यंदा नऊ लिटर पाणी निघाले, हे केवळ नोंदीमुळे कळते. आठवणीवर विसंबून कळत नाही. नौकेची जबाबदारी ‘सर्वांची’ न ठेवता नावानिशी एका व्यक्तीवर आणि तिच्या गैरहजेरीत दुसऱ्या व्यक्तीवर सोपवावी. मासेमारी किंवा नावाडीपणा करणारी कुटुंबे गावात असतील, तर त्यांचा हात आणि कान या कामी कोणत्याही उपकरणाहून मोलाचा आहे; त्यांना मानाने बोलवावे व योग्य मोबदला द्यावा.

अधिकाऱ्यांना एक विनंती. नौका पुरविली की जबाबदारी संपली असे होऊ नये. खरेदीच्या अंदाजपत्रकातच दरवर्षीच्या तपासणीची आणि लेप, बुचे, रबरी कड्या अशा किरकोळ वस्तूंची तरतूद असावी. दहा-वीस रुपयांची कडी वेळेवर मिळाली नाही म्हणून लाखो रुपयांची नौका निकामी राहणे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मित्रहो, पुराच्या रात्री नावेत पाय ठेवणारी म्हातारी किंवा लेकुरवाळी बाई पाट्याखाली काय आहे हे विचारीत नाही. तिने ते विचारण्याची गरज पडू नये, एवढी व्यवस्था आपण उन्हाळ्यातच करावयाची आहे. आपापल्या गावी परतल्यावर प्रत्येकाने प्रथम नौकेचे बूच काढून किती पाणी निघते ते मोजावे, एवढी अपेक्षा आहे.